कमी वयात डिमेन्शिया झालेल्या माणसासोबत राहताय? या चुका टाळा

माझ्या दादाला ५३व्या वर्षी अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार, निघाला. ६५च्या आत लक्षणं सुरू झाली की यंग ऑनसेट म्हणतात. नव्याने यात पडलेल्या घरांशी मी बोलत असते आणि चुका त्याच त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे परीक्षा घेणं. "ओळखलंस का? सांग बघू मी कोण?" लालबागच्या घरी गणपतीला आलेल्या प्रत्येकाने हेच विचारलं, पहिल्या तिघाचौघांना दादाने हसून वेळ मारून नेली, मग आतेभावाचं नाव चुकलं, कुणीतरी "अरेरे" म्हणालं आणि दादा मोरीत कडी लावून बसला तो आरती झाली तरी बाहेर नाही. मी दारातून हाका मारल्या तर म्हणाला, "तू कळतेयस गं, मीच मला कळत नाहीये." डॉ. अल्झायमरांची ती पहिली पेशंट, १९०१मध्ये फ्रँकफर्टला अ‍ॅडमिट झाली तेव्हा ५१ची होती, तीही हेच म्हणाली होती की मी स्वतःला हरवून बसलेय. म्हणजे आपलं काहीतरी निसटतंय हे माणसाला आतून कळत असतं, वर आपण प्रश्न विचारून त्याला नापास करतो. मी दारातच सांगते, "दादा, मी छोटी, मुलुंडहून आले," आणि चहा टाकते. फोटो दाखवला तर गोष्टही मीच सांगते.

दुसरी चूक, हातातलं सगळं काढून घेणं. दोनदा ओटीपी देऊन बसला म्हणून कार्ड काढलं ते बरोबरच, पण वहिनीने पाकीटही काढलं आणि २७ वर्षं कॅशियर असलेला माणूस दाढी करेनासा झाला. आता दूधवाल्याचे पैसे तोच मोजतो. हाताच्या सवयी अल्झायमरमध्ये बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात, नोटा अजून सराईतासारख्या सरकतात. वहिनी नंतर आत जाऊन मोजते. वेळ लागतो, लागू दे! घाई झालेल्यांना ब्रेन गेमचं अ‍ॅप हवं असतं आणि आठ दिवसांत फरक हवा असतो, मला ते अजिबात पटत नाही.

त्याच्यासमोर "याला काही कळत नाही" म्हणू नका.

"टेन्शन असेल" म्हणत वर्षं घालवू नका, न्यूरोलॉजिस्टला दाखवा, बी-१२ आणि थायरॉइडही तपासा, त्यानेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत.

आठवण ठीक पण स्वभावच बदलला, तरी दाखवा. डिमेन्शियाचा फ्रंटोटेम्पोरल प्रकार, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा, असाही सुरू होतो.

लोकलने जाताना खिशात चिठ्ठी हवीच, पण गुपचूप नका ठेवू. दादाने स्वतः लिहिलीये, नाव, वहिनीचा नंबर आणि खाली 'हेड कॅशियर'.