कात्रजच्या झू ला लहान मुलांना घेऊन जाताय? मग आधी शेवटच्या टोकाला जा

पुण्यातल्या कात्रजचं राजीव गांधी प्राणी संग्रहालय तलाव धरून जवळपास १३० एकर आहे, त्यामुळे गेटपासून एकेक पिंजरा बघत निघालं की वाघापर्यंत पोचेतो पोरं रडकुंडीला येतात, आणि वाघही तोवर सावलीत झोपलेला. आमचं दोनदा असंच झालं, तिसऱ्या वेळी उलटं केलं आणि मस्त जमलं.

१. गेट उघडायच्या वेळीच पोचा. वाघ, सिंह, बिबट्या सकाळी हिंडताना दिसतात, उन्हं चढली की आडवे होतात.

२. तिकीट काढतानाच बॅटरीच्या गाडीचं विचारा, आजी-आजोबा बरोबर असतील तर नक्कीच. वाटेत कुठेही न रेंगाळता थेट लांबच्या टोकाला जायचं आणि तिथून गेटकडे चालत यायचं, म्हणजे मुलं दमतात तेव्हा तुम्ही बाहेरच्या जवळ असता.

३. मगर नंतर बघितली तरी चालते, थंडीत तर ती उन्हातच येऊन पडते.

४. प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा, पाणी स्टीलच्या बाटलीत न्या. खाऊ स्टीलच्या डब्यात नेला तरी पिंजऱ्यांजवळ उघडू नका, आणि हरणांना काही म्हणजे काहीच भरवू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी. प्लॅस्टिक पोटात गेलं तर मुकं जनावर जिवानिशी जातं.

आणि हो, बुधवारी बंद असतं, सुट्टी बघून प्लॅन करताना हे हमखास विसरायला होतं.