नांगरटीचे दिवस आणि शुगरवाल्यांचे तळपाय

राम राम मंडळी. नांगरट, कांदा काढणी, तुरीची धसकटं वेचणं, शेणखत पांगवणं सगळं एकदमच अंगावर आलंय आणि ऊन तर सकाळी ९ लाच डोकं धरायला लावतंय. बी-बियाण्याचं नेहमीच बोलतो, आज पायाचं बोलू, ते पण ज्यांना शुगर आहे त्यांच्या. माझ्या एकट्या भावकीत पाच जण गोळ्या खाणारे आहेत म्हणून म्हणतो.

गेल्या मे मधली गोष्ट. आमच्या तात्यांना ट्रॅक्टरवर चप्पल काढून बसायची सवय. पाय ठेवायचा पत्रा वरनं उन्हानं तापलेला आणि खालनं गिअरबॉक्सची धग, तसंच तीन तास रान नांगरलं, घरी आले, जेवले, झोपले. संध्याकाळी काकू फरशी पुसत होती तर म्हणे हे पाणी कसलं सांडलंय, बघते तर ओल्या पावलांचे ठसे थेट तात्यांच्या खाटेपर्यंत गेलेले. तळव्याला वाटीएवढा फोड येऊन फुटला होता आणि गड्याला पत्ताच नाही, वर काकूलाच म्हणतात "अगं दुखत नाहीये काही, कशाला ओरडतीस". दुखलं नाही म्हणून तर एवढा वेळ पाय पत्र्यावर राहिला ना.

शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होत जातात. कुणाला मुंग्या येतात, कुणाचे रात्री तळवे जळतात, कुणाला कापसावर चालल्यासारखं वाटतं, आणि काहींना तर काहीच वाटत नाही, चप्पल पायातनं निसटून मागं राहिली तरी दहा पावलं पुढं गेल्यावर कळतं. असं एकदा जरी झालं असेल तर समजून जा. त्याच नसांमुळं पायाला घामही कमी येतो, मग कातडी कोरडी पडते आणि टाचा फुटतात, भेगा काय नुसत्या मातीनं पडत नाहीत. आता हवा ४२ डिग्री असली तर दुपारी उघडी काळी जमीन ५५-६० च्या घरात जाते, लोखंडाला तर हातच लावू नका, आणि ६० डिग्रीच्या पत्र्याला उघडी कातडी काही सेकंदात भाजते. चांगला माणूस पाय झटकन उचलतो, बधिर पाय उचलला जात नाही.

तर करायचं काय, अनवाणी एक पाऊल सुद्धा नाही, अंगणात पण नाही, गोठ्यात पण नाही. देवळाच्या फरशीवर चप्पल चालत नाही तर जाड सुती मोजे घाला, देव काही रागवत नाही, आणि वारीत अनवाणी चालायचा नवस केला असेल तर माऊलीला सांगून बदलून घ्या. शेतात अंगठ्याची स्लीपर नको, बोटांच्या बेचक्यात घासते आणि बाभळीचा काटा आरपार येतो. पुढनं बंद, मागनं पट्टा, तळ जाड, आत मऊ असा बूट किंवा सँडल घ्या, एमसीआर रबराची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल मिळते ती घरात वापरायला चांगली. घ्यायला संध्याकाळी जा कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. घालायच्या आधी उलटा करून आपटा आणि आत हात फिरवा, विंचू तर असतोच पण खडा, खिळा पण असतो, आणि तो खडा दिवसभर टोचला तरी तुम्हाला कळणार नाहीये. रात्रीची लाईट असते म्हणून अंधारात अनवाणी पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जाता तेही बंद करा, गमबूट घाला आणि आल्यावर मोजे बदला, नाहीतर चिखल्या ठरलेल्या.

रोज रात्री तळपाय बघायचे, आरशात बघा, मोबाईलनं फोटो काढा नाहीतर घरातल्या कुणालातरी सांगा. पाणी पायानं नाही कोपरानं तपासून कोमट घ्यायचं, भिजवत बसायचं नाही, बोटांच्या मधली जागा कोरडी पुसायची, मग टाचेला खोबरेल किंवा आमसुलाचं तेल, बोटांमधे मात्र तेल नको.

आणि आता हात जोडून सांगतो, कुरूपाला बिबा लावू नका! काट्यासाठी रुईचा चीक नको, ब्लेडनं तासणं नको, मेडिकलमधली कुरूपाची पट्टी पण नको, त्यात कातडी जाळायचं औषध असतं. बिब्यानं चांगल्या कातडीला फोड येतात, मग बधिर पायाचं काय होत असेल. आमच्याकडं जखमेला हळद-चुना भरायची पण हौस आहे, त्यानं खालचा पू झाकला जातो एवढंच. स्वच्छ पाण्यानं धुवा, कोरडं कापड बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. एक पाय गरम, लाल, सुजलेला पण दुखत नाही असं दिसलं तर त्यावर चालू सुद्धा नका, आत हाडं सरकत असू शकतात. पाय बधिर झालाय का ते दवाखान्यात डॉक्टर नायलॉनच्या काडीनं तळव्याला टोचून बघतात, १० ग्रॅम दाबाची असते, दोन मिनिटाचं काम, वर्षातनं एकदा तरी मागून करून घ्या.

इन्सुलिनवाल्यांनी ती बाटली ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समधे ठेवायची नाही, फ्रीज नसेल तर ओल्या वाळूत माठ ठेवून त्यात कोरड्या डब्यात ठेवा. तहान लागली म्हणून उसाचा रस नको, पाणी किंवा मीठ घातलेलं ताक प्या.

तात्यांची जखम भरायला तीन महिने गेले, खरिपाची पेरणी मीच केली. आता त्यांच्या पत्र्यावर गोणपाट आहे आणि पायात बूट, कुरकुर चालूच असते. तुमच्या टाचेला भेगा असतील तर आत्ताच तेलपाणी सुरू करा, मृगाचा चिखल लागायच्या आत त्या भरल्या पाहिजेत कारण उघड्या भेगेत चिखल गेला की मग आवरत नाही.