गोवराची लस: या चुका टाळा (आम्ही केल्यात म्हणून सांगतेय)

आमच्या नाशिकच्या सिडकोत कुणाच्या पोराच्या अंगावर उठलं की लगेच सल्ला येतो, "गोवरच आहे ना, निघू दे सगळा बाहेर, आपोआप जाईल." पुरळ जातं हो, पण खरी भानगड त्याच्या मागून येते... न्यूमोनिया, जुलाब, कान वाहणं, कधीकधी मेंदूला सूज, आणि आधीच्या आजारांमधून शरीराने जी प्रतिकारशक्ती कमावलेली असते तीही गोवर पुसून टाकतो, मग पोरगं पुढे कित्येक महिने सारखं आजारी. लांबची गोष्ट नाही, २०२२ च्या शेवटी आपल्याच जिल्ह्यात मालेगावला साथ होती.

सगळ्यात जास्त घोळ दुसऱ्या डोसचा. ९ महिने झाले की पहिला डोस बहुतेक जण आठवणीने घेतात, दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो आणि तोवर मूल घरभर पळतंय आणि कार्ड गेलंय कपाटात साड्यांखाली. आमचंही तेच, आधी सर्दी होती म्हणून ढकललं, मग दिंडोरीला सासरी द्राक्षांची तोडणी, मग नणंदेचं लग्न, कार्ड हातात आलं तेव्हा लेक अडीच वर्षांची! मला वाटलं आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार, तर आशाताई म्हणाल्या, "अहो ताई, पाच वर्षांपर्यंत देतो आपण, पहिला डोस कुठे वाया जात नाही." उजव्या दंडाला टोचलं, वर अ जीवनसत्त्वाचं गोड औषध चमचाभर, विषय संपला.

आणि साध्या सर्दी-खोकल्यात लस चालते बरं का. चांगला ताप भरला असेल तर थांबा. कॅन्सरचे उपचार किंवा बरेच दिवस स्टिरॉईड चालू असतील तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

या लशीचा ताप त्याच रात्री येईल असं नाही, तो आठवडा-दीड आठवड्याने येतो, कधी थोडं पुरळही, आणि मग सासूबाई म्हणतात लशीनेच गोवर आणला. दोन-तीन दिवसांत उतरतो. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, ॲस्पिरिन अजिबात नको.

गोवर झालाच तर उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवा, माझी काही हरकत नाही, पण दूध-जेवण बंद करू नका. धाप लागली, झटका आला, मूल सुस्त पडलं तर तडक दवाखाना. आणि शेजारच्या पोराला गोवर निघालाय, आपल्याचा डोस राहिलाय, असं असेल तर संपर्कानंतर ७२ तासांच्या आत दिलेली लसही उपयोगी पडू शकते, त्यामुळे पुढच्या लसीकरणाच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी आशाताईंना नाहीतर दवाखान्यात फोन करा.