कागदावरचा बैल चालवायचा कसा

हातानं ॲनिमेशन शिकायचं तर आधी टप्पे घेणारा चेंडू काढा, असं सगळीकडे सांगतात. त्यात चूक काही नाही. पण आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या पोट्ट्यांना मी सरळ बैल काढायला लावतो. चेंडू जरा बरोबर पडला नाही तर कोणी भांडत नाही. बैलाची चाल चुकली की ओट्यावर बसलेला आजोबाही म्हणतो, ‘हा लंगडून राह्यला बा.’ फुकटात एवढा कडक परीक्षक कुठं मिळणार?

मी पाट्या, शटरं, बंड्या रंगवणारा पेंटर. फ्लेक्स आले, हातचं काम आटलं, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं घेऊन हा उद्योग सुरू झाला. याला कॉम्प्युटर लागत नाही. झेरॉक्सचा ए-फोर कागद, पेन्सिल, काच, एक बल्ब आणि कोणाचा तरी मोबाईल, बस.

पेन्सिल हातात घ्यायच्या आधी पावसानंतर वावराच्या वाटेवर जा. ओल्या काळ्या मातीत बैलाचे खूर छापल्यासारखे उठतात. नीट पाहिलं तर मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याला लागूनच पडलेला दिसतो. म्हणजे पुढचा पाय जागा सोडतो आणि मागचा ती जागा घेतो. सगळी चाल यातच आहे. मग मोबाईल जमिनीलगत धरून बाजूनं व्हिडिओ काढा आणि हळू करून पाहा. क्रम असा सापडेल: अलीकडचा मागचा पाय, अलीकडचा पुढचा, पलीकडचा मागचा, पलीकडचा पुढचा. डोळ्यावर भरवसा ठेवू नका. घोडा चौखूर उधळला की चारही पाय हवेत असतात का, यावर जाणत्या लोकांत वाद होता. अमेरिकेत एडवर्ड मायब्रिजनं 1878 साली ओळीनं कॅमेरे लावून तो मिटवला. पाय हवेत असतात, पण पोटाखाली गोळा झालेले असताना. चित्रकार काढत होते तसे पुढं-मागं ताणलेले असताना नव्हे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, फलकांवरचे बैल मात्र अजून ताणलेलेच पळतात. गिऱ्हाईकाला तसेच आवडतात, म्हणून मीही तसेच रंगवतो.

आता सामान. प्लायच्या फळीला मधोमध ए-फोरपेक्षा थोडी लहान खिडकी कापा, वर काच बसवा, फळी विटांवर ठेवा आणि खाली एलईडी बल्ब. वर ठेवलेल्या कागदातून खालचा कागद दिसला पाहिजे. काचेच्या वरच्या कडेला बांबूच्या दोन बारीक खुंट्या चिकटवा, एकमेकींपासून 8 सेंटिमीटरवर, कारण ऑफिसातला साधा पंच तेवढ्याच अंतरावर छिद्रं पाडतो. कागद आडवा धरून लांब कडेच्या मध्यावर पंच करा. खुंट्या छिद्रांत घट्ट बसतील इतक्याच घासा. ढिल्या राहिल्या तर बैल थरथरेल. ही खुंटीची युक्ती 1910 च्या दशकात न्यूयॉर्कला राऊल बारेनं रुळवली. त्याआधी लोक कागदाच्या कोपऱ्यांवरच्या खुणा जुळवत बसायचे.

सिनेमात सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे फ्रेम, जातात, पण जुने स्टुडिओ बरंचसं काम एक चित्र दोन चौकटी दाखवून भागवत. म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. आपणही तेच धरू. रमतगमत चाललेल्या बैलाचं चारही पायांचं एक चक्र साधारण सव्वा सेकंदाच्या आसपास होतं, म्हणून एका चक्राला 16 चित्रं घ्या. पायांत चार-चार चित्रांचं अंतर पडतं: अलीकडचा मागचा पाय 1 नंबरच्या चित्रात टेकतो, अलीकडचा पुढचा 5 मध्ये, पलीकडचा मागचा 9 मध्ये, पलीकडचा पुढचा 13 मध्ये. प्रत्येक पाय 10 चित्रं जमिनीवर आणि 6 चित्रं वर. ताळा करायचा तर कुठलंही चित्र उचला: टेकलेले पाय दोन किंवा तीन दिसले पाहिजेत. एकच दिसला तर आजोबा बोलणारच.

बैल साधारण 10 सेंटिमीटर लांब काढा आणि एकाच जागी चालू द्या. टेकलेला पाय दर चित्राला 6 मिलिमीटर मागं सरकतो. बरोबर 6, कमी नाही, जास्त नाही. इथं आळस केला की बैल शेवाळावरून घसरत चालल्यासारखा दिसतो. उचललेल्या पायाला हा नियम नाही: सुरुवातीला आणि टेकताना अंतर थोडं, मध्ये मोठं. पुढच्या पायाचा गुडघा आधी वर येतो, खूर मागं लोंबतो आणि शेवटी पुढं फेकला जातो. मागच्या पायाचं ढोपर मात्र मागं निघतं. पोरं हमखास चारही पाय सारखे वाकवतात, ते तेवढं बघा.

पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत ओळीनं काढत सुटू नका. आधी 1 आणि 5, ही मुख्य चित्रं. मग मधलं 3, मग 2 आणि 4. तसंच 8 पर्यंत. पुढची आठ चित्रं अर्धी फुकटात मिळतात: 9 म्हणजे 1 च, फक्त अलीकडचे आणि पलीकडचे पाय अदलाबदल केलेले. 10 म्हणजे 2, असं 16 पर्यंत. काचेवर ठेवून गिरवा. 16 नंतर पुन्हा 1 येतं, तेव्हा 16 आणि 1 यांच्यातही तेवढंच अंतर पडतंय ना, हे पाहा.

एवढ्यावर बैल चालेल, पण पत्र्याचा वाटेल. वजन पाठीत येतं. पाय टेकल्यावर त्या बाजूचा पुट्ठा किंवा खांदा दोन-तीन मिलिमीटर दबतो आणि पाय सरळ खाली आला की वर येतो. मान एका चक्रात दोनदा खाली-वर होते. वशिंड आणि गळ्याखालची पोळी खांद्याच्या मागून, दोनेक चित्रं उशिरानं हलतात. शेपटीचं टोक त्याहून उशिरा. शिंगांना हात लावू नका. आमच्याकडचा गवळाऊ जातीचा बैल तरतरीत असतो, त्याला 12 चित्रांत बसवलात तरी शोभतो. मग पायांत तीन-तीन चित्रांचं अंतर धरा.

पहिल्यांदा बैल चालला तेव्हा एक पोट्टं म्हणालं, ‘काका, बैल चालून राह्यला, पण रस्ता नाही चालून राह्यला!’ रस्त्याची गोष्ट मोठी आहे. विन्सर मॅके यानं 1914 साली डायनोसॉर चालवला, तेव्हा मागचे दगड आणि झाड हजारो कागदांवर प्रत्येक वेळी नव्यानं काढावं लागलं. त्यासाठी त्यानं एक शिकाऊ पोरगा बसवला होता. त्याच वर्षी अर्ल हर्डनं पारदर्शक तावांच्या पेटंटसाठी अर्ज केला: हलणारं पात्र सेलवर, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर, दृश्य एकदाच रंगवून खाली. पुढं कित्येक दशकं जगभरची कार्टूनं या एका युक्तीवर चालली. आपल्याला सेलचा खर्च नको, खालचा बल्ब पुरतो. दृश्याची पट्टी बैलाच्या कागदाखाली सरकवायची, दोन्ही रेषा एकदम दिसतात.

पट्टीचा हिशेब करा. चक्र पाच वेळा चालवलं तर 80 चित्रं, म्हणजे साडेसहा सेकंदांहून थोडं जास्त. दर चित्राला पट्टीही 6 मिलिमीटरच सरकते, बैलाच्या उलट दिशेनं. 80 गुणिले 6 म्हणजे 48 सेंटिमीटर, त्यात कागदाची लांबी 29.7. ए-फोरचे तीन कागद आडवे जोडले की भागलं. पट्टी वरून कापून 17 सेंटिमीटर उंच ठेवा, नाहीतर खुंट्यांत अडकेल. खालच्या कडेला 6-6 मिलिमीटरवर खुणा करा आणि काचेवर एक रेघ मारून ठेवा. जोड बल्बवर काळा दिसतो, म्हणून नेमका तिथं बाभळीचा बुंधा किंवा विजेचा खांब काढा. पऱ्हाटीच्या ओळी, धुरा, लांबची टेकडी, काय पाहिजे ते घाला. फक्त रेषा बैलापेक्षा फिकट ठेवा.

शाई लावायच्या आधी कच्च्या पेन्सिलीवरच शूटिंग करून पाहा. डिस्नेच्या स्टुडिओत 1930 च्या दशकात ही पेन्सिल टेस्ट पक्की रुजली. 1956 साली तिथलाच क्लेअर वीक्स मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आला. पुढं नावाजलेले ॲनिमेटर राम मोहन त्याच्याच हाताखाली तयार झाले.

शूटिंगला विटांच्या दोन चळतींवर आडवी काच टाकून त्यावर मोबाईल कॅमेरा खाली, स्क्रीन वर करून ठेवा, आणि एकदा ठेवला की हलवू नका. दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली वाटाण्याचा कोंब उगवताना टिपला, तो महिनाभर रोज एक चौकट घेऊन. आपल्याला निदान तासभर तरी दम धरता आला पाहिजे. स्टॉप मोशनचं एखादं फुकट ॲप घ्या, वेग 12 ठेवा आणि स्क्रीनवर बोट दाबून फोकस व उजेड लॉक करा. खिडक्या झाका, ढग आला-गेला की चित्रात लुकलुक येते. व्होल्टेजही वर-खाली होतं, म्हणून बल्ब इन्व्हर्टरवर लावा, नाहीतर चार्जिंगची बॅटरी वापरा. क्रम एकच: कागद बसवा, पट्टी एक खूण सरकवा, हात बाजूला, फोटो. कागदाच्या कोपऱ्यात नंबर घातलेला असू द्या, कारण पंखा कोणीतरी लावतंच.

तयार झालेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता पाठवला तर पेन्सिलीच्या बारीक रेषा पुसट होतात आणि शेपटी गायब होते.