८०८५ शिकताय? प्रत्येक ओळीसमोर टी-स्टेट लिहा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून मराठी माध्यमात दहावी करून बेळगावात डिप्लोमाला येणाऱ्यांना ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शन पाठ करणं जड जात नाही. अडतं ते वेळेच्या हिशोबात, म्हणजे टी-स्टेट (प्रोसेसरच्या क्लॉकचा एक ठोका) मोजण्यात. वर्गात इंग्रजी चालो की कन्नड, हा हिशोब निव्वळ आकड्यांचा आहे, तेव्हा भाषेला घाबरू नका.

आधी एलडीए घ्या, म्हणजे दिलेल्या पत्त्यावरचा बाइट ए रजिस्टरमध्ये आणणारी इन्स्ट्रक्शन. तिला १३ टी-स्टेट लागतात. ऑपकोड (इन्स्ट्रक्शनचा कोड) आणायला ४, पत्त्याचे दोन बाइट वाचायला ३ आणि ३, मग डेटा वाचायला ३. तेच काम करणारी मूव्ह ए,एम ७ मध्येच उरकते, कारण पत्ता एचएल या रजिस्टरजोडीत आधीच भरलेला असतो. मात्र तो भरायला एलएक्सआय एचचे १० धरावे लागतात. म्हणून एखादी जागा एकदाच वाचायची तर एलडीएच बरी, १७ ऐवजी १३. दोनदा वाचायची झाली की २६ विरुद्ध २४. ओळीने बाइट वाचताना मूव्ह ७ आणि पत्ता एकने वाढवणारी आयएनएक्स एच ६ मिळून पुन्हा १३च होतात. तिथे खरा फायदा लूप लिहिता येण्याचा, कारण एलडीएमधला पत्ता पुढे सरकत नाही. मधली सबरूटीन एचएल वापरत असेल तर एचएल जपून ठेवायला पुश एच १२, परत आणायला पॉप एच १०. दोन-तीन वाचनांत वाचवलेलं सगळं त्यातच जातं.

डिले लूपमध्ये (ठरावीक वेळ घालवणाऱ्या लूपमध्ये) घोटाळा होतो तो बीसी जोडीतला आकडा एकने कमी करणाऱ्या डीसीएक्स बीने. उत्तर शून्य आलं का ते सांगणाऱ्या झिरो फ्लॅगला ती हातच लावत नाही. तिच्यामागे थेट जेएनझेड (शून्य नसेल तर उडी) लिहिलं, तर लूप लगेच सुटतो किंवा कधीच थांबत नाही. सी आणि बी दोन्ही शून्य झाले का ते कळायला मध्ये मूव्ह ए,सी आणि ओआरए बी हवंच (त्यात ए मधली किंमत जाते, हेही ध्यानात ठेवा). बेरीज ६ + ४ + ४ + १० = २४; शेवटच्या फेरीत जेएनझेडचे ७च.

आता किटवरचा क्रिस्टल (क्लॉकचा वेग ठरवणारा भाग) वाचा. ८०८५ त्याच्या फ्रिक्वेन्सीला आतून दोनने भागतो. ६ मेगाहर्ट्झला एक फेरी ८ मायक्रोसेकंदांची, म्हणून अर्ध्या सेकंदाला ६२,५०० फेऱ्या, हेक्समध्ये एफ४२४. क्रिस्टल ६.१४४चा असेल तर हाच आकडा सुमारे ०.४८८ सेकंदच देतो; तिथे ६४,०००, म्हणजे एफए०० भरा.

टी-स्टेटचा तक्ता ८०८५चाच आहे ना, हेही पाहा. ८०८५च्या आधीच्या ८०८० प्रोसेसरमध्ये डीसीएक्स ५, रजिस्टरमधलं मूव्ह ५. वरचा लूप तिथेही २४च भरतो, त्यामुळे चूक लपून राहते. पुश एचसमोर ११ दिसले, तर तो तक्ता ८०८०चा.