तुर्की चहाला 'पुरे' कसं म्हणायचं?

तुर्की सांस्कृतिक केंद्रात पाहुणे म्हणून गेलात, की कमरेत बारीक असा काचेचा पेला रिकामा व्हायचा अवकाश, लगेच भरलाच. 'नको, नको' म्हटलं तर तो संकोच समजतात. अगदी आपल्या पंगतीतल्या आग्रहासारखं. तिसऱ्या पेल्यानंतर मला ही खूण कळली.

1. चहा संपला की चमचा बशीत न ठेवता पेल्याच्या तोंडावर आडवा ठेवा. म्हणजे 'पुरे'.
2. निघताना स्वयंपाक करणाऱ्यांना 'एलिनिझे साऽलक' म्हणा. अर्थ: तुमच्या हातांना आरोग्य लाभो.

शाकाहारी असाल तर मसुराच्या सूपबद्दल मात्र आधीच विचारा. दिसायला निव्वळ डाळ, पण कधीकधी ते मांसाच्या रश्शात शिजवलेलं असतं.