पकडीच्या पॅटर्नवरून बागेच्या कटरसाठी चामड्याचं होल्स्टर कसं बनवायचं

गच्चीवर कुंड्या बऱ्याच झाल्यात आणि छाटणीचा कटर कायम कुर्त्याच्या खिशात असायचा, तिसऱ्या कुर्त्याचा खिसा फाटला तेव्हा ठरवलं की बास, आता कमरेला अडकवायचं होल्स्टर करायचं. नवऱ्याचा जुना दीड इंची पट्टा पडून होताच. नेटवर पकडीच्या होल्स्टरचा पॅटर्न फुकट मिळाला, एकच तुकडा, मधे दुमडायचा आणि एका बाजूने शिवायचा. माझा कटर पकडीपेक्षा मोठा, म्हणून आमच्या इंदूरच्या खजुरी बाजारात जाऊन पॅटर्न ११५ टक्के झेरॉक्स करून आणला आणि सरळ चामडं कापलं. कटर अर्धाच आत गेला! आणि पट्ट्याचा लूप मात्र एवढा मोठा की होल्स्टर गळ्यातल्या घंटेसारखं हलायला लागलं.

चूक कुठे झाली ते सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. पॅटर्नमधली काही मापं हत्यारावर अवलंबून असतात आणि काही नसतात. पट्टा ३८ मिमीचाच राहणार, शिवणीबाहेरची कड ८ मिमीच राहणार, चामडंही ३ मिमीच. मशीन मात्र सगळंच फुगवते, म्हणजे ४५ मिमीचा लूप ५२ चा होतो. उलट जिथे खरंच वाढ पाहिजे तिथे ती पुरत नाही. हत्याराच्या कडेपासून शिवण किती लांब असावी याचा हिशोब सोपा आहे, हत्याराची अर्धी जाडी अधिक चामड्याची जाडी. पक्कड १२ मिमी जाड, म्हणून ६ अधिक ३, ९ मिमी. झेरॉक्सने ते झाले जेमतेम साडेदहा. माझा कटर मधल्या बोल्टपाशी २० मिमी जाड, म्हणजे हवे होते १३.

तर पॅटर्न मोठा करायचा नाही, नव्याने आखायचा. मूळ पॅटर्न आधी १०० टक्के साइजला प्रिंट करा, "पानावर बसवा" असला काही ऑप्शन चालू असेल तर बंद करा, आणि त्यावरची मोजपट्टी खऱ्या पट्टीने तपासा. आता जाड कागद घ्या (घरात लग्नपत्रिका असतातच, त्यांचा याहून चांगला उपयोग नाही). त्यावर दुमडीची रेघ मारा. कटर बंद करून, लॉक लावून, त्याची पाठ रेघेपासून १३ मिमी लांब ठेवा, कारण दुमडीलाही जाडी गिळायची असते हे सगळे विसरतात. पेन्सिल उभी धरून पात्याच्या बाजूने बाह्यरेषा काढा, तिच्यापासून १३ मिमीवर शिवणीची रेघ, तिच्या बाहेर ८ मिमीवर कापायची रेघ. खोली बोल्टच्या थोडी वर येईल एवढी, मुठी पूर्ण बाहेर. शेपटी, म्हणजे जिचा पट्ट्यासाठी लूप होतो ती वरची पट्टी, मूळ पॅटर्नवरून जशीच्या तशी उचला, माझी सव्वाशे मिमी होती, मागे दुमडून खाली शिवल्यावर आत ४५ मिमीची जागा राहते.

लगेच चामडं कापू नका. ३ मिमीची फोम शीट स्टेशनरीत मिळते, तिचा एक खोटा होल्स्टर करा, स्टेपल मारा आणि कटर घालून बघा. कागदावर जाडीचा अंदाज येत नाही.

चामडं. मी आधी जुन्या जाकिटाचं वापरणार होते, कोपऱ्यावरच्या मोची काकांनी हातात घेतलं आणि म्हणाले, "दीदी, ये शेप नहीं पकड़ेगा." बरोबर होतं. जाकिटं, पर्स हे बहुतेक क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) चामडं, मऊ. आपल्याला बाभळीची साल, हिरडा असल्या वनस्पतींनी कमावलेलं पाहिजे, कोल्हापुरी चपलेचं असतं तसं, ते ओलं करून जसं बसवाल तसं वाळतं. ओळखायचं कसं, कापलेल्या कडेला निळसर-करडी छटा दिसली तर ते क्रोम. पाण्याचा थेंब लगेच शोषून चामडं गडद झालं तर बहुतेक आपलं. अशा चामड्यासाठी कानपूरहून मागवणं सोपं पडतं.

कापल्यावर सगळ्यात आधी शेपटी शिवून टाका, बॉडी बंद झाली की आत हात जात नाही (मी उलट केलं, उसवलं). मग एक वेल्ट कापा, म्हणजे त्याच चामड्याची ११-१२ मिमी रुंद पट्टी, शिवणीच्या बाजूला दोन थरांच्या मधे जाते. पातं त्याच बाजूला आहे, वेल्ट नसेल तर रोज आत-बाहेर करताना दोराच कापला जाईल. कडेला दोन्हीकडे एसआर (मोची वापरतात तो रबरी गोंद) लावा, दहा मिनिटं थांबा, दाबा.

भोकांच्या खुणा मी जेवणाच्या काट्याने केल्या, हसू नका, अंतर एकसारखं येतं. भोकं आरीने, किंवा तीन थर जड जात असतील तर दीड मिमीच्या ड्रिलने. दोरा मेण लावलेला, शिवणीच्या चौपट आणि वर वीतभर, दोन टोकांना दोन सुया, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोर जातात. वेळ लागतो, पण एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात, मशीनच्या शिवणीसारखे भराभर उसवत नाहीत. टोकाशी पाणी निथळायला छोटी फट सोडा.

आता मजेचा भाग. इंदूरची चामड्याची खेळणी पाहिली असतील, ज्यांना जीआय टॅग आहे, आत तार-कागदाचा सांगाडा आणि वर चामडं ताणून बसवलेलं. इथे सांगाडा म्हणजे तुमचा कटर. होल्स्टर साध्या पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की बाहेर. गरम पाणी नाही, चामडं आकसतं. कटर प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये नीट गुंडाळून आत घाला, वनस्पतींनी कमावलेल्या ओल्या चामड्याला लोखंड लागलं की काळे डाग पडतात, जुनी शाई ज्या रसायनाने बनायची तेच. मग चमच्याच्या पाठीने बोल्टभोवती, कडेने हलके दाबत जा. नखं लावू नका, वळ कायमचे राहतात.

सावलीत एक दिवस. आपल्याकडे पावसाळ्यात दोन धरा, आणि मे महिन्यात घाई म्हणून गच्चीच्या उन्हात ठेवलंत तर पापड होतो. पूर्ण वाळल्यावर कड २२० आणि ४०० नंबरच्या सँडपेपरने घासा, पाण्याचं बोट लावून जाड कापडाने चोळा चमक येईपर्यंत, वरून मधमाशीचं मेण. तेल ओतू नका, एवढ्या मेहनतीने आलेला कडकपणा जातो.

पहिले चार दिवस कटर घट्ट बसतो, बसू दे. आणि रात्री कटर होल्स्टरमधून काढून कोरडा पुसून ठेवा, चामडं ओलावा धरतं, माझ्या पात्यावर जुलैतच गंजाचे दोन ठिपके आले. पत्रिकेचा पॅटर्न फेकू नका, त्यावर "कटर २०, चामडं ३" लिहून खिळ्याला टांगा, नवऱ्याला आता त्याच्या टेस्टरसाठी पाहिजे आहे, शेपटी तीच वापरणार.